टॅपेट थोडे वाजलेच पाहिजेत

आयुष्यभर गिऱ्हाइकांनी माझ्याकडं एकच मागणं केलं, "मिस्त्री, तेवढा आवाज बंद करा." आणि मी एकच उत्तर देत आलो, "बंद नाही होणार, कमी होईल." या एका उत्तरापायी माझी किती गिऱ्हाइकं तुटली असतील ते देवाला माहीत. गाडी त्यांची, कान त्यांचे, आणि हा बाबा म्हणतो थोडं वाजू द्या. माणसाला राग येणारच.

मी जुन्या गाड्यांचा मिस्त्री. सोलापुरात होटगी रस्त्याला माझं गॅरेज होतं. गुडघे कुरकुरायला लागले तसं ते बंद केलं आणि गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन कामं करायला लागलो. इंजिन उतरवण्याची ताकद आता राहिली नाही, पण टॅपेट सेटिंग घरच्या घरी अंगणात होतं. खरं सांगायचं तर अंगणातच जास्त चांगलं होतं. या कामाला इंजिन रात्रभर थंड झालेलं लागतं, आणि गॅरेजला येणारी गाडी गरमच येते. वर मालक म्हणतो, "चहा पिऊन येतो, तोवर करून ठेवा."

ज्यांनी कधी बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनला श्वास घ्यायला आणि सोडायला दारं असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. एका दारानं हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसऱ्यानं जळका धूर सायलेन्सरकडं जातो. ही दारं ढकलून उघडायचं काम वर बसलेले लोखंडी हात करतात, ते रॉकर. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्या मधे अगदी बारीक फट ठेवावी लागते. ती फट बरोबर राखायची, याला आम्ही टॅपेट सेटिंग म्हणतो. फट कशाला? तर लोखंड तापलं की वाढतं. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत बसत नाही, तसंच हे. फट नसेल तर तापलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जरासा उघडा राहतो, त्यातून जाळ निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळून जाते. फट जास्त झाली तर रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो आणि टकटक ऐकू येते.

म्हणजे बघा, सैल टॅपेट बोंब मारतो आणि घट्ट टॅपेट गुपचूप जळतो. लोक मात्र बोंब मारणाऱ्यालाच शिव्या देतात. माझे उस्ताद म्हणायचे, "अंबादास, इंजनकू थोडा बोलने दे रे. चुप बैठा तो समज अंदर जलराय." उस्ताद लिहा-वाचायला शिकले नव्हते आणि मीही जेमतेम सातवीपर्यंत. पण हे वाक्य मी कधी विसरलो नाही. त्यांनी मला हात धरून काम शिकवलं आणि जेवायच्या वेळी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी काढून दिली. त्यांचं नाव घेतल्याशिवाय मी आजही बॉनेट उघडत नाही.

दुसरी अडचण आपल्या बोलण्यातच आहे. आपल्याकडं टाइट म्हणजे चांगलं. नट टाइट पाहिजे, ब्रेक टाइट पाहिजे, बाजेची सुतळी टाइट पाहिजे. फक्त पिऊन आलेला माणूस टाइट असला तर वाईट. त्यामुळं टॅपेट वाजतायत म्हटलं की गिऱ्हाईक लगेच सांगतं, टाइट करा. चादरीचे एक व्यापारी होते, फार उमदा माणूस. मला म्हणाले, "मिस्त्री, चांगले आवळून टाका. कंजुशी करू नका, आवळायला काय पैसे पडतात?" मी नाही म्हणालो तर ते गाडी दुसरीकडं घेऊन गेले. तिथं कुणीतरी त्यांच्या मनासारखं आवळून दिलं. काही दिवसांनी शेठ पुन्हा माझ्या दारात. म्हणाले, "आवाज तर एकदम बंद झालाय हो, पण गाडीत जीवच राहिला नाही."

"शेठ," मी म्हणालो, "मढ्याचासुद्धा आवाज बंदच असतो."

बोलून गेलो आणि जीभ चावली. पण शेठ पोट धरून हसले. त्या दिवसापासून ते माझे कायमचे गिऱ्हाईक झाले आणि ओळखीच्या प्रत्येकाला हे वाक्य सांगत सुटले. त्यांच्या त्या हसण्यावर माझी पुढची कितीतरी वर्षं चालली, असं म्हटलं तरी चालेल.

एक माढ्याकडचे तानाजीराव. त्यांच्याकडं जुनी जीप. माझं तिकडं जाणं काही जमेना, तेव्हा ठरलं की मी फोनवर सांगायचं आणि त्यांनी घरी करायचं. फट मोजायला आमच्याकडं पोलादी पात्यांचा जुडगा असतो, फिलर गेज. प्रत्येक पातं वेगळ्या जाडीचं.

"मिस्त्री, ते फिलर का काय ते हितं कुटं मिळायचं?"

"दाढीचं ब्लेड आहे का घरात? नवी दोन घ्या, एकावर एक ठेवा आणि तेवढी फट राखा. काम भागंल."

जुने मिस्त्री असंच करायचे. दुपारी तानाजीरावांचा फोन आला. "मिस्त्री, गाडी लई वाजायलीय की! समदी वस्ती गोळा झाली हितं."

मी पुन्हा पुन्हा विचारलं, इंजिन थंड होतं का, नट आवळल्यावर फट परत बघितली का. सगळ्याला "व्हय" म्हणाले. मी डोकं खाजवत बसलो. मग एकदम सुचलं.

"तानाजीराव, ब्लेड कागदातनं बाहेर काढलं होतंत ना?"

पलीकडनं हळूच, "काडायचं हुतं व्हय? म्या म्हटलं, बोट कापंल."

दोन ब्लेडं आणि दोन्हीचे कागद, एवढी जाड फट राखून जीप गावभर ताशा वाजवत हिंडत होती. पण एक सांगतो, त्या चुकीनं जीपचं काही बिघडलं नाही. वाजणाऱ्या गाडीकडं कुणीतरी लक्ष देतंच.

हे सगळं मी ऐकत होतो तेव्हाचं आहे. पुढं माझे कान गेले.

एका दिवसात गेले नाहीत. आधी बारीक आवाज गेले. ट्रक ऐकू यायचा, हॉर्न जवळ आला की ऐकू यायचा, पण चिमण्या ऐकू येईनात, आणि टॅपेटची टकटक ऐकू येईना. मिस्त्रीच्या नशिबानं टॅपेटचा आवाज बारकाच. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते घालून इंजिनाजवळ वाकलो तर डोक्यात भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं झालं. यंत्र काढून खिशात ठेवलं.

आता कुणी म्हणेल, फट तर बोटांनी मोजायची, कानाचं काय काम? बरोबर आहे. पातं फटीत सरकवलं की ते किंचित धरून सरकलं पाहिजे, सैल फिरता कामा नये आणि अडकताही कामा नये. हे बोटांना कळतं, आणि देवाच्या दयेनं माझी बोटं शाबूत आहेत. पण सगळं झाल्यावर गाडी चालू करून कान देऊन ऐकावंच लागतं. ती शेवटची सही कानाची. ती सही गेली आणि माझा धीर सुटला. गाडी चालू केली की मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायला लागलो. ते हसलं तर बरं, कपाळाला आठी पडली तर पुन्हा कव्हर उघड. असं कितीसं चालणार? मी मनाशी ठरवलं, आता फक्त मैनुद्दीनभाईंची गाडी करायची. ती जमली तर ठीक, नाहीतर पाने भंगारवाल्याला देऊन टाकायचे.

मैनुद्दीनभाई माझ्या उमेदीच्या काळापासूनचे. सोलापूर स्टेशनबाहेर त्यांची टॅक्सी असायची. अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर, जिकडं म्हणाल तिकडं. टॅक्सी थांबली तेव्हा त्यांनी मागची सीट काढली आणि तीच गाडी आठवड्याच्या बाजारांना कांदा-लसूण न्यायला लावली. गाडी गॅसवर चालते. गॅसवरच्या जुन्या गाडीत व्हॉल्व्हची बैठक झिजत जाते आणि टॅपेट हळूहळू आपले आपण घट्ट होत जातात. म्हणून तिच्याकडं वरचेवर लक्ष द्यावं लागतं. त्यांच्या मुलाला, अस्लमला, ती गाडी काढून टाकायची होती. तो म्हणायचा, ह्या वेळी इंजिनात काही निघालं तर भंगार, आणि अब्बांनी आता घरी आराम करायचा. मैनुद्दीनभाईंना आराम नको होता आणि मला पण नको होता. दोघा म्हाताऱ्यांचं दैव एका इंजिनात अडकलं होतं.

सकाळी मी निघालो, मागं नागमणी, माझी बायको. ती का? तर मला मागचे हॉर्न ऐकू येत नाहीत. ती स्कूटरवर मागं बसते, डावीकडून गाडी आली की डाव्या खांद्यावर थाप, उजवीकडून आली की उजव्या. ट्रक असला तर दोन्ही हातांनी बडवते. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे. माझे वडील मागावर, तिचे वडीलही मागावर. तिचं लहानपण पॉवरलूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात गेलं आणि लग्नानंतर हात विड्या वळण्यात. त्या दिवशी मैनुद्दीनभाईंच्या घरी भाभींशी गप्पा मारत बसायचं, एवढंच तिचं काम होतं.

अंगणात गाडी थंडगार उभी होती. मी टॅपेट कव्हर काढलं, पुढून हँडल घातलं आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवत कामाला लागलो. या चार सिलिंडरच्या इंजिनात एक सोपी खूण असते. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर एकदम डुलायला लागले की पहिल्याचे मोकळे असतात, तेव्हा पहिल्याचे सेट करायचे. दुसऱ्याचे डुलले की तिसऱ्याचे. नट ढिला करायचा, पातं घालायचं, स्क्रू फिरवून फट जमवायची आणि स्क्रू ड्रायव्हरनं स्क्रू जागेवर धरून नट आवळायचा. आवळताना स्क्रू थोडा सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पातं घालून पुन्हा बघायचं. हे पुन्हा बघणं चुकवायचं नाही.

मी तिसऱ्या सिलिंडरचा सायलेन्सरकडचा नट आवळला आणि अस्लम समोर येऊन काहीतरी बोलला. त्याच्या तोंडात गुटखा. नुसते ओठ बघून बोलणं ओळखायची सवय मी लावून घेतलीय, पण गुटख्याच्या तोंडापुढं विद्या चालत नाही. मी "काय? काय?" करत राहिलो. अखेर त्यानं पिंक टाकली आणि मोठ्यानं म्हणाला, "चाचा, चहा घेता का?" चहा आला, घेतला आणि मी पुढच्या सिलिंडरकडं वळलो.

सगळं झालं. कव्हर बसवलं. मैनुद्दीनभाईंनी गाडी चालू केली. मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. जुनी युक्ती. नुसती घरघर आली, बाकी काही नाही. वर बघितलं तर अस्लमनं अंगठा दाखवला. "एकदम भारी चाचा! बिलकुल गप्प!" मैनुद्दीनभाई स्टेअरिंगवर हात ठेवून हसत होते. मलाही हसू आलं. वाटलं, जमलं. हत्यारं वाचली.

तेवढ्यात नागमणी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. हातात लसणाची पाकळी तशीच. गाडीजवळ येऊन मान वाकडी करून उभी राहिली.

"एमंडी," ती म्हणाली. आमच्याकडचं 'अहो'. ओठांवरून तेवढं कळलं. पुढचं कळेना, तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन ओरडली, "एक माग नुसताच हालतोय! वाजत न्हाय!"

कांडी संपली की माग चालूच राहतो, पण कापड विणलं जात नाही. रिकामा धोटा इकडून तिकडं पळत राहतो आणि त्याचा आवाज बदलतो. कांड्या भरणाऱ्या पोरींना कारखान्याच्या एवढ्या धडधडाटात बसल्या जागी कळावं लागतं की कुठल्या मागाचं सूत संपलं. न कळलं तर मालकाच्या शिव्या. असा तो कान.

मी म्हटलं, "मला काही ऐकू येत नाही गं." तर तिनं लसूण खाली टाकला, माझा हात ओढला आणि कोपराखाली बोटांनी ठेका धरायला लागली. चालत्या इंजिनाचे सगळे ठोके काही कुणाच्या बोटांनी धरता येत नाहीत, ते फार वेगानं पडतात. तिनं फक्त त्याची चाल दाखवली. तडतड तडतड, मग एक खड्डा. तडतड तडतड, पुन्हा खड्डा. चाल लंगडत होती, एका टॅपेटचा ठोका गायब होता. डोळे मिटून मी ती माझ्या हातावर ऐकली. किती दिवसांनी इंजिन ऐकत होतो!

"बंद करा," मी ओरडलो. "भाई, गाडी बंद करा!"

अस्लम वैतागला. "अरे चाचा, मस्त चाललीय की! आता कशाला?"

मी सांगितलं की एक टॅपेट घट्ट आहे, आणि गाडी थंड होईपर्यंत हात लावणार नाही. त्याला कांदा भरून निघायचं होतं. तो वडिलांकडं वळून हात नाचवत बरंच काही बोलला. काय बोलला असेल ते मला ऐकायची गरज नव्हती. मैनुद्दीनभाईंनी फक्त किल्ली काढून खिशात टाकली आणि गाडीतून उतरले. "नागमणीभाभीचा कान हाय तो," ते म्हणाले. "बाजार उद्याबी भरंल. बैठो मिस्त्री."

त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाचा जन्मभराचा ऋणी आहे.

दुपारचं जेवण त्यांच्याकडंच झालं. उन्हं उतरली, थोडाच वेळ चाललेल्या इंजिनावर हात ठेवून गार लागलं, तेव्हा मी कव्हर उघडलं. हँडल फिरवून रॉकर एकेक करून बोटांनी हलवून बघितले. सगळे किंचित खडखडत होते. तिसऱ्याचा सायलेन्सरकडचा मात्र हलेना. पातं घालायला गेलो तर शिरेना. नट आवळताना स्क्रू सोबत फिरला होता आणि मी नेमका तेव्हा अस्लमच्या गुटख्यात अडकलो होतो. गाडी तशीच बाजाराला गेली असती तर थोड्याच दिवसांत व्हॉल्व्ह जळला असता. मग गाडी भंगारात, भाई घरात आणि मी पण घरात.

फट जमवली. नट आवळला. पातं घालून बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि कुणी काही विचारलं तरी मान वर केली नाही. गाडी चालू झाली. नागमणीनं माझा हात धरला आणि बोटं वाजवायला लागली. खड्डा भरला होता. सरळ, एकसारखी चाल. भर अंगणात, अस्लमसमोर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. लपवायचा प्रयत्न केला नाही. चाळीसेक वर्षं जिच्याशी संसार केला, तिच्या बोटांत एवढं गाणं आहे हे मला कान गेल्यावर कळलं, म्हणून आलं.

"पण आता जरा जास्तच वाजायलीय चाचा," अस्लम म्हणाला.

"वाजू दे," मैनुद्दीनभाई म्हणाले आणि कांद्याची पोती उचलायला गेले.

ती गाडी अजून बाजार करते. हत्यारं अजून माझ्याकडं आहेत. नागमणीला मी गाड्यांचे आवाज काही शिकवले नाहीत, कारण तिला ते आमच्यापेक्षा चांगल्या शब्दांत सांगता येतात. 'धोटा अडकतोय', 'तार तुटली', 'पट्टा घसरतोय' असं ती म्हणते आणि मी ओळखून घेतो. कामाच्या दिवशी सकाळी ती विड्यांचं सूप बाजूला सारते, पदर खोचते आणि माझ्याआधी स्कूटरजवळ जाऊन उभी राहते. गाडी चालू झाली की गिऱ्हाइकं आता माझ्या तोंडाकडं बघत नाहीत. तिच्या तोंडाकडं बघतात. तिनं मान हलवली की बॉनेट बंद.

परवा तानाजीरावांचा फोन आला. फोन आता तीच घेते, मला ऐकू येत नाही म्हणून. बोलताना मधेच पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी खूण केली, काय म्हणतायत? तिनं माझ्या कानाशी तोंड आणून, अगदी तानाजीरावांच्या ठसक्यात सांगितलं, "वैनी, जीप वाजायलीय. उद्या तुमाला येळ हाय का? आन् येताना मिस्त्रीलाबी घिऊन या."